जंगलाचे वजन आणि लेझरचा किरण : वाचकांचे प्रश्न

उष्ण कटिबंधातल्या जंगलात साठलेला कार्बन लेझर स्कॅनरने कसा मोजतात, या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. हिशेबाचे प्रश्न बरेच आहेत, म्हणून पहिले उत्तर नीट वाचावे. पुढची उत्तरे त्यावरच उभी आहेत.

प्रश्न : विमानातून किरण सोडला, तो झाडावर आपटून परत आला. एवढ्यावरून झाडात किती कार्बन आहे हे कसे काय कळते?
– निवृत्त शिक्षक, संगमेश्वर

किरणाला वजन कळत नाही, फक्त अंतर कळते. स्कॅनर दर सेकंदाला लाखो स्पंद सोडतो आणि प्रत्येकाला जाऊन परतायला किती वेळ लागला ते मोजतो. एका नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे पंधरा सेंटीमीटर. स्पंदाचा काही भाग शेंड्याच्या पानांवरून परततो, काही आत शिरून फांद्यांवरून, आणि उरलाच तर जमिनीवरून. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा परतावा यांतला फरक म्हणजे त्या जागेवरची झाडांची उंची.

उंचीवरून वजनाकडे जायला जुनीच वाट आहे : झाडे तोडून, तुकडे वजन करून तयार केलेली समीकरणे. उष्ण कटिबंधासाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे समीकरण शाव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दिले. त्यामागे ५८ ठिकाणची, तोडून वजन केलेली ४००४ झाडे आहेत. ते असे :

वाळलेले वजन = ०.०६७३ × (घनता × व्यास × व्यास × उंची) चा ०.९७६ वा घात

व्यास सेंटीमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये, लाकडाची घनता ग्रॅम प्रति घनसेंटीमीटरमध्ये. उत्तर किलोत येते. ६० सेंमी व्यासाचे, ३० मीटर उंच, ०.६ घनतेचे झाड घ्या. कंसातला गुणाकार ६४,८०० आणि वजन सुमारे ३३४० किलो. त्यातला कार्बन ०.४७ पट, म्हणजे साधारण १५७० किलो. कार्बन डायऑक्साइडमध्ये सांगायचे तर ४४ भागिले १२ ने गुणावे. पावणेसहा टनांच्या आसपास येतो.

आता एकेक आकडा हलवून पाहा. व्यास ६० ऐवजी ६३ धरला तर वजन दहा टक्क्यांनी वाढते. उंची ३० ऐवजी २५ धरली तर ते २८०० किलोवर उतरते. आणि झाड काटेसावरीचे असेल, म्हणजे घनता ०.३३ च्या आसपास, तर त्याच मापाच्या झाडाचे वजन १८७० किलोपेक्षाही कमी भरते. विमानातला लेझर यांपैकी उंची उत्तम देतो, व्यास देत नाही आणि घनतेबद्दल तर काहीच सांगत नाही. म्हणून जमिनीवर माणसांनी टेप लावून मोजलेले प्लॉट लागतात. त्या प्लॉटचा हेक्टरी जैवभार, म्हणजे झाडांचे वाळलेले वजन, आणि त्याच प्लॉटवर विमानाने मोजलेली सरासरी उंची यांचा संबंध बसवायचा आणि तो उरलेल्या जंगलाला लावायचा, अशी ही पद्धत आहे.

हे सगळे जमिनीवरच्या भागाचे झाले. मुळे लेझरला दिसत नाहीत. ती गुणकाने धरतात. आंतरशासकीय हवामान समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत वर्षावनासाठी ०.३७ आणि ओलसर पानगळीच्या जंगलासाठी ०.२० किंवा ०.२४ असे गुणक आहेत. अहवालात मुळे धरली आहेत की नाहीत, हे पहिल्या पानावर लिहिलेले नसेल तर त्या आकड्याची दुसऱ्या आकड्याशी तुलना करू नये.

प्रश्न : एक हेक्टरचा प्लॉट जमिनीवरच्या स्कॅनरने करायचा आहे. ट्रायपॉड किती ठिकाणी लावायचा, किती दिवस धरायचे आणि कुठे चुका होतात?
– वनशास्त्राचा विद्यार्थी, दापोली

१०० × १०० मीटरच्या प्लॉटमध्ये दर दहा मीटरवर खुंट्या मारा. अकरा ओळी, ओळीत अकरा जागा, म्हणजे १२१. बहुतेक स्कॅनर आडव्या रेषेच्या वर साठ अंश आणि खाली चाळीस अंश एवढेच पाहतात. डोक्यावरचा भाग त्यांना दिसत नाही. म्हणून प्रत्येक जागी एक स्कॅन उभा आणि एक यंत्र नव्वद अंशांत आडवे करून, असे २४२ स्कॅन होतात. कोनाची पायरी ०.०४ अंश ठेवली तर एका स्कॅनमध्ये सव्वादोन कोटी स्पंद जातात आणि तीन मिनिटे लागतात. नुसते यंत्र फिरण्याचेच बारा तास झाले. यंत्र हलवणे, परावर्तक लावणे, वाट काढणे धरून जंगलाच्या दाटीप्रमाणे तीन दिवस ते आठवडाभर, कधी त्याहून एखादा दिवस जास्त, तीन माणसे लागतात. दहा मीटरऐवजी वीस मीटर अंतर ठेवून वेळ वाचवण्याचा मोह होतो. सागाच्या विरळ लागवडीत ते चालेल. सदाहरित जंगलात शेंड्याकडच्या फांद्या एकमेकींच्या आड जाऊन निम्मी झाडे डोक्याकडून रिकामी येतात.

उतारावर टेप आडवा धरूनच अंतर घ्या. तीस अंशांच्या उतारावर जमिनीलगत ताणलेले दहा मीटर म्हणजे नकाशावर ८.६६ मीटर. तसा आखलेला "एक हेक्टर" खरा ०.८७ हेक्टर असतो आणि हेक्टरी कार्बन तिथेच तेरा टक्क्यांनी कमी येतो. पुढे कितीही महागडे यंत्र वापरले तरी ही चूक निघत नाही.

स्कॅन एकमेकांना जोडण्यासाठी परावर्तक लावतात. आताच्या जागेवरून आणि पुढच्या जागेवरून दोन्हीकडून दिसतील असे चार-पाच तरी हवेत, आणि ते एका रेषेत किंवा एका उंचीवर नकोत. काही काठीवर, काही जमिनीजवळ. नवी यंत्रे परावर्तकांशिवाय स्कॅन जोडतात, पण दाट कारवीत तीही घसरतात. पहिल्या प्लॉटला परावर्तक लावाच.

यंत्रापासून मीटरभराच्या आत आलेली एक डहाळीसुद्धा मागच्या मोठ्या पट्ट्यावर सावली टाकते. ती कापू नका, सुतळीने बाजूला बांधा आणि स्कॅन झाला की सोडा. कायमच्या प्लॉटमध्ये झाडोरा तोडला तर पुढच्या वेळी आपण आपल्याच कोयत्याचा परिणाम मोजत बसू.

हवामानाबाबत तडजोड करू नये. या कामाचे बरेच स्कॅनर १५५० नॅनोमीटरचा लेझर वापरतात. डोळ्यांना तो सुरक्षित, पण पाणी त्याला शोषून घेते. भिजलेल्या सालीवरून परतावा क्षीण येतो आणि खोड ठिकठिकाणी तुटलेले दिसते. धुक्यात हवेतच खोटे बिंदू उमटतात. वारा सेकंदाला पाच मीटरच्या वर गेला तर एका जागेवरून दिसलेली फांदी दुसऱ्या जागेवरून दिसेपर्यंत सरकलेली असते आणि पॉइंट क्लाउडमध्ये, म्हणजे स्कॅनच्या बिंदूंच्या ढगात, एकीच्या दोन-तीन होतात. शेंडे हलताना दिसले की थांबा. सकाळचे पहिले तीन-चार तास सहसा शांत मिळतात.

रोज रात्री दोन कामे करायची. एक, विदा दोन वेगळ्या डिस्कवर उतरवणे. दोन, जोडणी तपासणे. त्यासाठी १.३ मीटर उंचीवरची पाच सेंटीमीटर जाडीची आडवी चकती कापा आणि वरून पाहा. जोडणी बरोबर असेल तर प्रत्येक खोडाचे एकच स्वच्छ कडे दिसते. दोन चंद्रकोरी एकमेकींपासून सरकलेल्या दिसल्या तर त्या ओळीतला कोणता तरी स्कॅन चुकीचा बसला आहे. हे त्याच रात्री कळले तर सकाळी जाऊन दोन स्कॅन पुन्हा घेता येतात. दापोलीला परतल्यावर कळले तर पूर्ण ओळ गेली.

आणि स्कॅनर असला तरी टेपची मोजणी सोडू नका. प्रत्येक झाडाला क्रमांक, जात, घेर आणि दहा मीटरच्या चौकटीत त्याची जागा दाखवणारा हाताने काढलेला नकाशा हवा. जात माहीत नसेल तर घनता नाही, आणि घनता नसेल तर लेझरने काढलेल्या घनफळाचे वजन करता येत नाही.

प्रश्न : स्कॅनवरून, खोडाला आणि फांद्यांना नळकांडी बसवून, झाडाची प्रतिकृती केली. खोड टेपशी जुळते, पण एकूण घनफळ फारच जास्त येते. चूक कुठे असेल?
– संशोधक विद्यार्थिनी, पुणे

बहुधा बारीक फांद्यांत. किरण रेषेसारखा बारीक नसतो. यंत्रातून निघताना तो सात मिलिमीटर रुंद असला आणि ०.३५ मिलिरेडियनने पसरत गेला, तर पन्नास मीटरवर अडीच सेंटीमीटर होतो. एक सेंटीमीटर जाडीच्या डहाळीच्या कडेला तो नुसता चाटून गेला तरी बिंदू नोंदला जातो. त्यातच ०.०४ अंशाच्या पायरीने पन्नास मीटरवर दोन बिंदूंमधले अंतर साडेतीन सेंटीमीटर असते. अशा विखुरलेल्या बिंदूंवर सॉफ्टवेअर नळकांडे बसवते ते दीड-दोनपट जाडच बसते. पाच-सात सेंटीमीटरच्या खालच्या फांद्यांवर विश्वास ठेवू नये. फांदी पुढे जाताना निमुळतीच व्हायला हवी ही अट घाला आणि टोकाच्या फांद्यांची जाडी त्या जातीच्या मोजलेल्या डहाळ्यांवरून ठरवा.

दुसरे कारण पाने. ती आधी वेगळी काढली नाहीत तर पानांचा झुबका जाड फांदी म्हणून मोजला जातो. तिसरे, वर सांगितलेला वारा आणि सरकलेली जोडणी.

तुमचे खोड टेपशी जुळले म्हणून तेवढ्यावर समाधान मानू नका. ते गोल खोड असेल. बुंध्याला फळ्यांसारखी मुळे पसरलेल्या झाडाला नळकांडे बसतच नाही. तिथे पृष्ठभाग त्रिकोणांच्या जाळीने बांधून घनफळ काढावे. पोकळ खोडाला इलाज नाही : लेझरला साल दिसते, आतली ढोली दिसत नाही. जुन्या झाडांवर टकटक करून संशयितांची नोंद ठेवणे एवढेच करता येते.

एवढे करून पद्धत कितपत खरी उतरते? पेरू, गयाना आणि इंडोनेशियातल्या २९ मोठ्या झाडांचे आधी स्कॅन केले आणि मग ती तोडून पाहिली. २०१८ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत लेझरच्या प्रतिकृतीतून काढलेल्या वजनातली चूक २८ टक्के होती, तर उष्ण कटिबंधाच्या सर्वसाधारण समीकरणांची ३५ ते ५५ टक्के. आणि ही समीकरणे मोठ्या झाडांचे वजन कमी सांगण्याकडे झुकत होती. २८ हा एकेका झाडाचा आकडा आहे. हेक्टरभर झाडांत वरखाली बरेच कटते, पण सगळ्यांच्या डहाळ्या एकसारख्या फुगल्या असतील तर ती चूक कटत नाही, साचते. म्हणून तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे.

प्रश्न : मोबाइलमध्ये लायडार आहे. गावच्या देवराईचा कार्बन त्याने मोजता येईल का?
– सिंधुदुर्गातून दोन वाचक

लायडार म्हणजे लेझरने अंतर मोजणारे यंत्र. आयफोनच्या प्रो मालिकेतल्या लायडारचा पल्ला साधारण पाच मीटर. खोडाभोवती फिरून छातीच्या उंचीवरचा व्यास मिळतो, वेड्यावाकड्या बुंध्याचा आकार तर टेपपेक्षा चांगला मिळतो. शेंडा दिसत नाही, म्हणून उंची नाही आणि फांद्याही नाहीत. देवराईसाठी टेप, उंचीमापक आणि झाडे ओळखणारा गावातला जाणता माणूस यांवर आधी भर द्या. फोन फळ्यांसारख्या आधारमुळांच्या झाडांसाठी ठेवा.

प्रश्न : घाटातल्या जंगलावर ड्रोनमधून लायडार उडवला. काही ठिकाणी झाडांची उंची अगदीच कमी, तर कड्यांजवळ साठ-सत्तर मीटरची झाडे दिसतात. तिथे अशी झाडे नाहीत.
– सर्वेक्षण अभियंता, नाशिक

दोन्ही तक्रारींचे मूळ एकच : तुमची जमीन चुकली आहे. झाडाची उंची म्हणजे शेंडा वजा जमीन, आणि शेंडा क्वचितच चुकतो.

दाट छत्राखाली जमिनीपर्यंत पोहोचणारे स्पंद फार थोडे. समजा चौरस मीटरला वीस स्पंद टाकले आणि त्यांतला एक टक्का खाली पोहोचला, तर पाच चौरस मीटरला जमिनीचा एक बिंदू मिळतो. जिथे तोही नाही तिथे सॉफ्टवेअर कारवीच्या किंवा झुडपांच्या माथ्यालाच जमीन समजते. जमीन दोन मीटर वर आली की वीस मीटरचे झाड अठराचे होते, आणि जैवभार उंचीच्या सरळ प्रमाणापेक्षा जास्त वेगाने वाढत असल्यामुळे त्यातला तोटा दहा टक्क्यांहून मोठा असतो. उपाय : खालून आणि हळू उडा, पट्ट्यांची निम्म्याहून जास्त सरमिसळ ठेवा, उभ्या रेषेपासून पंधरा-वीस अंशांपलीकडचे तिरके स्पंद वगळा, आणि जमेल तिथे पानगळीनंतर, मार्च-एप्रिलमध्ये उडा.

कड्यांवरची खोटी झाडे उलट कारणाने येतात. जमीन ओळखणारा फिल्टर फार मोठी उडी दिसली की वरचा भाग झाडोरा समजून छाटतो. सपाट मैदानासाठी ठरवलेला उताराचा आकडा सह्याद्रीत तसाच ठेवला तर कड्याचा माथा, सुटा खडक, जांभ्याची धार सगळे "झाड" होते. फिल्टरची चौकट लहान करा, उताराची मर्यादा वाढवा, आणि कड्याच्या कडेचा पट्टा हाताने तपासा. कड्याच्या ओठावरून बाहेर झुकलेल्या झाडाचे मात्र काही करता येत नाही. त्याच्या शेंड्याखाली खरोखरच दरी असते. असे पट्टे प्रतिकृतीतून वगळावेत.

तुमच्या पत्रात प्लॉट २० × २० मीटरचे असल्याचे लिहिले आहे. त्यांच्या जागा हातातल्या जीपीएसने घेतल्या असतील तर ते आधी सुधारा. छत्राखाली दहा मीटरची चूक सहज होते. वीस मीटरचा प्लॉट दहा मीटर सरकला की तो निम्मा भलत्याच झाडांवर बसतो. शंभर मीटरचा प्लॉट तेवढाच सरकला तर दहावा भाग. शिवाय लहान प्लॉटला क्षेत्राच्या मानाने कड पाचपट लागते आणि कडेवरच्या झाडांचे खोड आत, छत्र बाहेर अशी स्थिती होते. मोकळ्या जागेत डिफरन्शियल जीएनएसएसने (जीपीएसची जास्त अचूक पद्धत) एक पक्का बिंदू घ्या आणि तिथून टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणारे सर्वेक्षणाचे यंत्र) कोपऱ्यांपर्यंत या. थोडे पण हेक्टरचे प्लॉट, हे पुष्कळ लहान प्लॉटपेक्षा बरे.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला आहे. कार्बन मोजून देतो म्हणून एक कंपनी लेझरचा खर्च सांगत आहे. तो खर्च करावा का?
– ग्रामसभा सदस्य, गडचिरोली

लगेच करू नये. आधी पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या. जमिनीवरचे किती प्लॉट घालणार, केवढे आणि कुठे? झाडांच्या जाती कोण ओळखणार? घनतेचे आकडे कुठून घेणार? आकड्यासोबत चूक किती टक्के ते देणार का? प्लॉटशिवाय नुसत्या उड्डाणावर कार्बनचा आकडा देतो म्हणणाऱ्याने दुसऱ्याच कुठल्या जंगलाचे समीकरण तुमच्या जंगलाला लावलेले असते. अॅमेझॉनमध्ये सारख्याच उंचीच्या जंगलांत पश्चिमेकडे हलक्या लाकडाची आणि ईशान्येला गयाना पठारावर जड लाकडाची झाडे आहेत. उंचीवरून दोन्ही सारखी दिसतात, वजनाला नाहीत. तुमच्याकडेही सावर-सालईचा माळ आणि ऐन-बिज्याचे रान यांत तोच फरक आहे.

तुमच्या बाजूने एक गोष्ट मोठी आहे. पानगळीचे रान फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मोकळे होते. पाने वेगळी काढण्याचा त्रास वाचतो आणि स्पंद जमिनीपर्यंत पोहोचतात. पुढेमागे लेझर लावलाच तर याच दिवसांत. मोहाचा हंगाम त्यातच येतो, तेव्हा वेचणाऱ्यांच्या वाटा आणि वेळा सांभाळून आखणी करा. वणव्याच्या आधी काम संपवा. काळ्या राखेवरून परतावा कमी येतो.

टेपची मोजणी गावातली मुले पंधरा दिवसांत शिकतात. एक काळजी घ्या : आपल्याकडे वनखाते घेर १.३७ मीटरवर मोजते, बाहेरची समीकरणे १.३ मीटरवरचा व्यास मागतात. कोणती उंची घेतली ते वहीत लिहा, आणि घेराला ३.१४१६ ने भागूनच व्यास काढा. घेराचा आकडा व्यासाच्या जागी गेला तर झाड जवळजवळ साडेनऊपट जड होते. मोठी झाडे एकही सुटू देऊ नका. जगभरच्या ४८ मोठ्या प्लॉटांच्या अभ्यासात सर्वांत जाड एक टक्का झाडांतच निम्मा जैवभार भरला होता.

प्रश्न : आता उपग्रहच सगळे मोजतात म्हणतात. मग जंगलात जायची गरज उरली आहे का?
– वाचक, पणजी

गेडी हे लेझर यंत्र डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले. मार्च २०२३ मध्ये ते काढून ठेवले होते, एप्रिल २०२४ पासून पुन्हा चालू झाले. त्याचा प्रत्येक ठसा २५ मीटर व्यासाचा. एका रेषेत ठशांचे अंतर ६० मीटर आणि रेषांमध्ये ६०० मीटर. म्हणजे तो जंगल भरून काढत नाही, नमुने घेतो. तीस अंशांच्या उतारावर २५ मीटरच्या ठशात जमीनच १४ मीटर वरखाली असते, आणि तो फरक झाडाच्या उंचीत मिसळतो. पश्चिम घाटातले गेडीचे आकडे वापरताना उताराचे ठसे गाळून घ्यावेत.

रडारचे दोन उपग्रह २०२५ मध्ये गेले : युरोपचा बायोमास एप्रिलमध्ये आणि इस्रो-नासाचा निसार ३० जुलैला श्रीहरिकोट्याहून. बायोमासची लहर सत्तर सेंटीमीटरची. ती पाने ओलांडून खोडांवर आणि जाड फांद्यांवर आदळते. म्हणून दाट वर्षावनासाठी त्याच्याकडून मोठी अपेक्षा आहे. निसारचे एल-बँड रडार, म्हणजे त्याहून आखूड लहरीचे, जैवभार हेक्टरी शंभर टनांच्या आसपास गेला की फरक ओळखेनासे होते. आपल्या पानगळीच्या विरळ रानांना ते जास्त उपयोगी पडेल. पण यांपैकी एकही किलो मोजत नाही. सगळ्यांना जमिनीवरच्या प्लॉटांवर आणि विमानातल्या लेझरवर पारखून घ्यावे लागते. मध्य आफ्रिकेत गॅबॉनच्या लोपे जंगलात, पनामातल्या बारो कोलोराडो बेटावरच्या ५० हेक्टर प्लॉटमध्ये किंवा फ्रेंच गयानातल्या पाराकूत वर्षानुवर्षे त्याच झाडांना टेप लावणाऱ्यांमुळेच उपग्रहाच्या आकड्याला अर्थ येतो.

प्रश्न : जगातले सर्वांत उंच उष्णकटिबंधी झाड लेझरने सापडले, हे खरे का?
– शाळकरी वाचक, सातारा

खरे आहे. मलेशियात सबा राज्यातल्या दानुम खोऱ्यात विमानातल्या लेझरच्या नकाशावर ते उठून दिसले. नंतर जमिनीवरून स्कॅन केले आणि जानेवारी २०१९ मध्ये एका स्थानिक गिर्यारोहकाने वर चढून टेप खाली सोडला : १००.८ मीटर. नाव ठेवले मनारा, मलय भाषेत मनोरा. मुळे सोडून त्याचे वजन ८१,५०० किलो काढले आहे, आणि त्यातले ९५ टक्के एकट्या खोडात आहे. एवढी उंची, पण छत्र अगदी लहान. नुसते वरून पाहून छत्राच्या रुंदीवरून वजन काढले असते तर फसगत झाली असती.

प्रश्न : दोन वर्षांच्या अंतराने मोजणी करून जंगलाने किती कार्बन शोषला ते सांगता येईल का?
– पर्यावरण अभ्यासक, ठाणे

जुन्या, न तोडलेल्या जंगलात नाही. आफ्रिकेतल्या अशा वर्षावनांत निव्वळ वाढ वर्षाला हेक्टरी अर्धा-पाऊण टन कार्बन आहे. हेक्टरी १५० टन कार्बन असलेल्या जंगलात मोजणीची चूक दहा टक्के धरली तरी १५ टन होतात. दोन वर्षांची वाढ त्यात बुडते. तीच झाडे, तीच जागा, तेच यंत्र, तोच महिना ठेवला तर घनतेसारख्या चुका दोन्ही वेळा सारख्याच राहून वजाबाकीत जातात, तरीही पाच वर्षांच्या आत बोलू नये. बारो कोलोराडोवर पाच-पाच वर्षांनी मोजणी होते ती याच कारणाने. तोड मात्र लगेच दिसते. दोन उड्डाणांच्या उंचीची वजाबाकी केली की पडलेल्या एकेका मोठ्या झाडाचे भोक नकाशावर दिसते, आणि चोरटी तोड शोधायला याहून चांगले साधन नाही.

प्रश्न : लाकडाच्या घनतेचे आकडे इमारती लाकडाच्या कोष्टकातून घेतले तर चालतील का?
– वनरक्षक, चंद्रपूर

तसेच्या तसे नाही. त्या कोष्टकांत सहसा १२ टक्के ओलावा असलेल्या लाकडाची घनता असते. आपल्याला हवे पूर्ण वाळवलेले वजन भागिले ओल्या लाकडाचे घनफळ. कोष्टकातला आकडा साधारण ०.८३ ने गुणावा : सागाचे ०.६५ असेल तर ०.५४ घ्या. हे विसरले तर जंगलाचा कार्बन वीस टक्क्यांनी फुगतो.

स्वतः मोजायची असेल तर गिरमिटाने सालीपासून गाभ्यापर्यंत नमुना काढा, कारण बाहेरचे आणि आतले लाकूड सारखे नसते. नमुना हवाबंद नळीत घालून त्याच दिवशी आणा. तागडीवर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर घ्या. नमुना सुईच्या टोकावर धरून, भांड्याला न टेकवता, पूर्ण बुडवा. काट्यावर जेवढे ग्रॅम वाढतील तेवढे घनसेंटीमीटर त्याचे घनफळ. मग १०५ अंशांच्या भट्टीत ठेवा आणि रोज वजन करा. लागोपाठ दोन दिवस काटा हलला नाही की तो आकडा लिहा. झाडाला पडलेले भोक तसेच राहू द्या, आणि त्याच झाडाला पुन्हा गिरमीट लावू नका.